तेवीस घरांचं दूध

गुंजवण्याच्या रखमाजी वस्तादांची दोन मतं पक्की होती. एक, राजगडासारखा गड नाही. दुसरं, दूध तापवणं म्हणजे दुधाचा अपमान. पहिल्या मताला आख्ख्या वेल्हे तालुक्यात कुणाची हरकत नव्हती. दुसऱ्याला फक्त त्यांच्या बायकोची, अंबूबाईची होती; पण अंबूबाईची हरकत वस्तादांच्या शिंकण्यालाही असायची, म्हणून ती कुणी मनावर घेत नसे.

"दुधाची ताकद वाफंसंगं निघून जाती," असं वस्ताद तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत. स्वतः अडुसष्टाव्या वर्षीही रोज पहाटे पवळी गाईच्या सडांखाली तांब्या धरत आणि तिथंच उभ्यानं, मिशांना फेस लागेपर्यंत पीत. घरातल्या बाकीच्यांचं दूध अंबूबाई चुलीवर चांगलं उकळायची. वस्ताद त्या पातेल्याकडे बघतसुद्धा नसत. "म्या कदी दवाखान्याची पायरी चढलोय का?" हा त्यांचा ठरलेला सवाल होता. खरं तर दोनदा चढले होते. पण एकदा दाढ काढायला आणि एकदा बैलानं लाथ घातली म्हणून, त्यामुळे ते दोन्ही वेळा धरत नसत.

अशा वस्तादांच्या गावात 'दुधाचा मान' टिकला नसता तरच नवल. जत्रेतल्या कुस्त्या शुक्रवारी. त्याआधी मंगळवारी आखाड्याची माती उकरून तिच्यात हळद, तेल आणि ताक कालवतात. त्याच संध्याकाळी गावातर्फे लढणाऱ्या पैलवानाला तेवीस घरं दूध देतात. घरटी एक वाटी, नुकतंच काढलेलं, निरसं. सगळं देवळापुढं एका पितळी चरवीत ओतायचं, पैलवानानं चरवी तोंडाला लावायची, आणि उरलेलं लहान पोरांनी प्यायचं. पहिली वाटी वस्तादांच्या पवळीची. एखाद्यानं मान नाकारला तर तेवीस घरं त्याच्याकडं पाठ फिरवतील अशी समजूत होती. आजवर कुणी नाकारला नव्हता, म्हणून समजूत खरी की खोटी ते कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी हा मान रत्नाला मिळाला. रत्ना ही संजयची थोरली मुलगी, एकोणीस वर्षांची, आणि गावातली पहिली मुलगी जिनं आखाड्याची माती अंगाला लावली. तिला घडवली ती वस्तादांनीच. गावानं नाकं मुरडली तेव्हा "तुमच्या पोरांस्नी हिच्यासंगं धरा, मंग बोला" म्हणाले. धरलेली पोरं दोन दिवस वाकून चालत होती. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. वस्तादांचा तिच्यावर जीव होता, आणि तो ते तिला ओरडून दाखवत.

तर गेल्या वर्षी शुक्रवारी समोर होती वरवे बुद्रुकची नूतन. हलगी कडाडत होती, चार मिनिटं झाली होती, रत्नानं नूतनचा पट काढला होता, दोन्ही पाय कवेत धरून. आता पडते की मग पडते, असं चाललेलं. आणि एकाएकी रत्नानं पकड सोडली. पोट धरलं. माणसांमधून वाट काढत देवळामागं पळाली ती परत आलीच नाही. हलगी थांबली. आधी कुणी हसलं नाही, मग एक हसला, मग सगळं मैदान हसलं.

पंच म्हणून माईक वस्तादांच्या हातात होता. शरमेनं त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "पोर भ्याली. माजी शिकवण कमी पडली." देवळावर चार कर्णे चार दिशांना लावलेले. धरणापलीकडच्या वाडीतसुद्धा ते ऐकू गेलं. रत्ना जिथं होती तिथंही ऐकू गेलं.

त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या अकरा पोरांची पोटं बिघडली. दहा बरी झाली. अकरावीला, गावातल्याच वनिताच्या चार वर्षांच्या लेकीला मात्र रक्ताची हगवण लागली, लघवी बंद झाली आणि तिला पुण्याला दवाखान्यात नऊ दिवस ठेवावं लागलं. ती वाचली. पण त्या नऊ दिवसांत गावाला कुणावर तरी चिडणं भाग होतं. दूध प्यायले होते मंगळवारी, पोटं बिघडली शुक्रवारी. इतकं मागं कोण जातं? गुरुवारी मात्र भोरचा धनाजी गोळेवाला बर्फाचे गोळे विकून गेला होता. झालं. "पुन्यांदा दिसलास तर गाडा धरणात टाकू," असा त्याला निरोप गेला. रत्नानं गोळा खाल्ला नव्हता, कारण वस्तादांनीच तिला बाहेरचं खायची बंदी घातली होती. त्यामुळे पोरांची हगवण गोळ्याच्या माथी आणि रत्नाची भीतीच्या माथी मारून गाव मोकळं झालं.

रत्ना महिनाभर तालमीकडं फिरकली नाही. मग आली, जोर-बैठका मारू लागली, डाव शिकू लागली. फक्त एक गोष्ट बदलली. आधी ती "वस्ताद" म्हणायची, आता "आबा" म्हणू लागली. आबा तर सगळं गाव म्हणायचं. किराणावाला म्हणायचा, एसटीचा कंडक्टर म्हणायचा. वस्तादांना ते काट्यासारखं सलायचं, पण "मला वस्ताद म्हण" असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

यंदा जत्रेला महिनाभर असताना गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शेफालीताई गावात आल्या. कुठल्याशा अभ्यासासाठी त्यांना प्रत्येक गोठ्यातलं ताजं शेण हवं होतं. बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन बरोबर रत्ना. वस्तादांच्या दारात त्या पोचल्या तेव्हा दिवेलागण झालेली.

"तिन्हीसांजंला दूध, मीठ आन् शेण घराभाईर देत न्हाईत," अंबूबाई दारातच आडवी झाली. "लक्ष्मी जाती."

"मला थोडंसंच हवंय, आजी. चमचाभर."

"लक्ष्मी चमच्यानं बी जाती."

शेफालीताई हसल्या, रत्नाकडं मुक्कामाला राहिल्या आणि सकाळी पुन्हा आल्या. तोवर वस्तादांचं डोकं तापून तयार होतं. "डाक्तरीणबाई, माजी पवळी माज्यापरास बरं खाती. तिच्या शेणात काय घावायचं हाय?"

"काही नाही मिळालं तर उत्तमच, आबा." शेफालीताईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायला घेतला. पवळी स्वभावानं उदार. त्यांचा हातमोजा कोपरापर्यंत जायच्या आत तिनं पुढचं सगळं उरकून टाकलं. रत्ना खुदकन हसली. वस्तादांनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

जत्रेच्या आधीच्या शनिवारी शेफालीताई परत आल्या आणि वस्तादांना गोठ्याकडं बाजूला घेऊन गेल्या. "आबा, बेचाळीस जनावरं तपासली. दोघींच्या शेणात तो जंतू निघाला. एक भाकड म्हैस आहे, तिचं दूध कुणी पीत नाही. दुसरी तुमची पवळी."

वस्तादांनी पवळीच्या पाठीवर हात ठेवला. "आजारी हाय?"

"अजिबात नाही, ठणठणीत आहे. तीच तर अडचण. हा ई-कोलायचा एक वाईट प्रकार आहे. गाईच्या आतड्यात राहतो, गाईला त्याचा पत्ताही नसतो. माणसाच्या पोटात गेला की रक्ताची हगवण. लहान मुलांची तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात."

"म्या रोज पितो. मला का हुईना?"

"तुम्ही लहानपणापासून पिताय, तुमच्या पोटाला सवय झाली असेल. शिवाय नशीब थोर आहे तुमचं. ज्यांच्या घरी रोज उकळलेलं दूध असतं, त्यांना ती सवय नाही."

"पर शेणातलं दुधात कसं यील?" वस्तादांना वाटलं, आता सापडल्या बाई.

"शेणानं भरलेली शेपटी लागते, हात लागतो, सड नीट धुतलेले नसतात. डोळ्याला दिसणार नाही एवढं शेणही पुरतं. आणि तेवीस घरांचं दूध तुम्ही एका भांड्यात ओतता. म्हणजे एका घरचा जंतू सगळ्यांचाच झाला. बरं, पोटात गेल्या गेल्या तो काही करत नाही. तीन-चार दिवस घेतो. मंगळवारी गेला तर शुक्रवारी. एक उकळी आणली की मरतो, आबा. एवढं सोपं आहे."

वस्ताद मनात दिवस मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग गेल्या साली ते..."

"गेल्या वर्षीचं मी छातीठोक सांगू शकत नाही. तपासणी यंदाची आहे. मी कुणाच्या घरचं कुणाला सांगणार नाही. रत्नालाही फक्त एवढंच सांगितलंय की गावात आहे."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं वस्तादांनी ते एक वाक्य धरलं. गेल्या वर्षीचं सांगता येत नाही. डॉक्टरच म्हणाल्या. शिकलेली बाई आहे, तिला काय आपण खोटं पाडायचं? रात्री जेवताना त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ती काडी सकाळपर्यंतच टिकली. रोजच्यासारखं वस्तादांनी पवळीला चरायला सोडायच्या आधी ओंजळभर ताजं शेण उचललं आणि तिच्या सडांना फासायला घेतलं. गाय आणि कालवड दिवसभर एकाच रानात असतात; सडांना शेण लावलं की कालवड तोंड लावून मागं सरते आणि संध्याकाळचं दूध शिल्लक राहतं. त्यांचे वडील असंच करत, आजोबाही असंच करत. पहिला सड झाला, दुसरा झाला, तिसरा झाला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

डोळ्याला दिसणार नाही एवढंही पुरतं, असं बाई म्हणाल्या होत्या. इथं तर ओंजळ भरली होती.

आणि मग गेल्या वर्षीचा मंगळवार त्यांना जसाच्या तसा आठवला. मानाची पहिली वाटी काठोकाठ भरावी म्हणून त्या दिवशी त्यांनी दुपारी रानात जाऊन दुसऱ्यांदा शेणाचा जाड थर दिला होता. संध्याकाळी तांब्याभर पाणी मारलं, खांद्यावरच्या टॉवेलानं सड पुसले आणि धार काढली. पुढचं त्याहून वाईट होतं. देवळापुढं चरवी मळकट दिसली म्हणून, मानाचं भांडं झळझळीत पाहिजे म्हणून, त्यांनी ती आतून-बाहेरून त्याच टॉवेलानं घासून पुसली होती.

वस्ताद गोठ्यातच बसले. चाळीस वर्षं कुणापुढं खांदे टेकले नव्हते त्या माणसाला इतकी लाज वाटली की पवळीच्या नजरेला नजर देववेना. वनिताची लेक नऊ दिवस सुया टोचून घेत होती तेव्हा ते दवाखान्यात खाऊ घेऊन गेले होते आणि वनिताला म्हणाले होते, "त्या गोळेवाल्याला सोडायचं न्हाई." आणि रत्ना! पोट फाटत असताना ती पोर चार मिनिटं लढली होती. भ्यालेलं माणूस चार मिनिटं लढतं का?

त्यांनी तीनदा साबणानं हात धुतले. अंबूबाई चुलीपाशी बसून बघत होती. "आज काय पंगतीला जायाचं हाय?"

"सड धुवायला ऊन पाणी दे," एवढंच ते म्हणाले. अंबूबाईनं लग्नाच्या सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काही न बोलता काम केलं.

सोमवारी तालीम सुटल्यावर त्यांनी रत्नाला थांबवलं. "रत्ने, उद्या मानाचं दूध पिऊ नगंस. डाक्तरीणबाई म्हणती..."

"मला बी सांगितलंय त्यांनी." रत्ना मनगटाची पट्टी सोडत होती. "तरी म्या पिनार."

"येडी का काय तू!"

"न्हाई प्याले तर काय म्हनतील? आवंदा तर दुधालाच भ्याली. तुमी कर्ण्यावर बोललात, आबा. कर्ण्यावरचं बोलनं हितं तालमीत हळू बोलून पुसत न्हाई."

ती निघून गेली. वस्ताद रिकाम्या तालमीत उभे राहिले. ती उद्या दूध पिणार, शुक्रवारी पुन्हा पोट धरणार, आणि तेसुद्धा त्यांच्याच एका वाक्यापायी. सांगावं तर स्वतःचं नाक जातं, न सांगावं तर पोरीचं पोट. रात्रभर त्यांनी एक युक्ती जुळवली, आणि युक्ती जुळवणं हे त्यांचं काम नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी देवळापुढं तेवीस घरं जमली. मंडळाचा आकाश "हॅलो, हॅलो, माईक चेक" करत होता. चरवीत वाट्या रिकाम्या होऊ लागल्या. पहिली वाटी वस्तादांची. त्यांनी ती ओतली, पण आज ती घरूनच उकळून आणली होती, एवढा धूर्तपणा त्यांना जमला. मग लक्षात आलं की उपयोग नाही. उरलेल्या बावीस गोठ्यांत काल-परवा काय शिरलं असेल, कुणी पाहिलंय? आणि दुसऱ्या घरांनाही सड शेणानं माखायला त्यांच्याच घराण्यानं शिकवलेलं. तेविसावी वाटी पडली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"ऐका! काल देवी माज्या सपनात आली. म्हनली, रखमाजी, आवंदा मानाचं दूध तापवून..."

"कवा आली?" गर्दीतून अंबूबाईचा आवाज आला. "रातभर तर तुमी टक्क जागं हुता. कूस बदलून बदलून माजी वाकळ वढून न्हेली!"

सगळे खो खो हसले. म्हातारी साळूबाई, जिची वाटी दुसऱ्या मानाची, काठी आपटत पुढं आली. "तापवलं तर मान कसला वो? वाफंसंगं ताकद जाती, ह्ये चाळीस वर्सं तुमीच सांगताय न्हवं?"

वस्तादांचं चाळीस वर्षांचं बोलणं त्यांच्याच समोर उभं राहिलं आणि त्यावर डाव सुचेना. तेवढ्यात रत्ना पुढं झाली. तिनं चरवीला नमस्कार केला, दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाशी नेली. तिच्या पाठीमागं पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढं वनिताची लेक होती.

वस्तादांनी आयुष्यात टाकलेल्या डावांत तो सगळ्यांत चपळ होता. चरवी त्यांच्या हातात आली, दोन-चार थेंब तेवढे सांडले. वस्तादांनी चरवी बगलेत घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं आकाशकडचा माईक ओढून घेतला.

"देवी-बिवी कोन आली न्हाई," ते म्हणाले आणि ते चारी कर्ण्यांतून बाहेर पडलं. "म्या लबाड बोललो. आता खरं सांगतो. माज्या पवळीच्या पोटात जंतू हाय. तिला काय बी व्हत न्हाई, मानसाला व्हतं. म्या तिच्या सडाला शेन लावतो, कालवडीनं पिऊ नये म्हनून. गेल्या साली बी लावलं. दोनदा लावलं. त्याच टावेलानं ही चरवी पुसली. तुमच्या बावीस घरच्या चांगल्या दुधात म्या माज्या हातानं इख कालवलं." चरवी त्यांनी बगलेत आणखी आवळली. "डाक्तरीणबाई म्हनत्यात, गेल्या सालचं सांगता येत न्हाई. मला सांगता येतंय. गोळेवाल्याचा गुना न्हाई. वनिता, तुज्या लेकीला म्या आजारी पाडली. आन् रत्ना भ्याली नव्हती. पोटात आग पडली असताना पोर चार मिंटं लढली. म्या ह्याच माईकवर खोटं बोललो. त्ये ह्याच माईकवर माघारी घेतो."

कर्णे गप्प झाले. धरणाच्या पाण्यावरून शेवटचे दोन शब्द परत आले आणि तेही विरले. वनिता उठली. लोक बाजूला झाले. वस्तादांना वाटलं, आता ही तोंडात मारणार, आणि मारावंच.

"नऊ दिस, आबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नऊ दिस म्या त्या दवाखान्यात पानी प्याले न्हाई." मग तिनं त्यांच्या बगलेतली चरवी काढून घेतली आणि मागं वळून ओरडली, "आता बगत काय बसलाय समदी? चूल पेटवा की!"

मग काय विचारता! कुणी दगड आणले, कुणी लाकडं, कुणी पंगतीचं मोठं पातेलं. अंबूबाईनं चरवी ताब्यात घेतली आणि उकळत्या पाण्यानं ती इतकी खंगाळली की पितळ पांढरं पडतंय का काय असं वाटावं. दुधाला एक उकळी पुरे असं शेफालीताईंनी सांगितलं होतं, गावानं तीन आणल्या. साळूबाई तोंडानं "ताकद गेली, ताकद गेली" म्हणत होती आणि हातानं उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडत होती. पोरांना साय मिळाली. असला मान दरसाल पाहिजे, असं पोरांचं एकमतानं ठरलं.

रत्ना प्यायली. सगळ्या घरांच्या नावानं एकेक घोट प्यायली, चरवी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि वस्तादांकडं एकदा बघितलं. मग पाठ फिरवून घरी गेली. त्या रात्री वस्तादांना भाकरी गेली नाही. माफी मागितली की मोकळं वाटतं म्हणतात. त्यांना तसं काही वाटत नव्हतं.

बुधवारी दोन एसट्या बदलून ते भोरला गेले आणि धनाजी गोळेवाल्याला शोधून काढलं. धनाजी त्यांना बघताच गाड्याच्या मागं गेला.

"जत्रंला चल," वस्ताद म्हणाले.

"गाडा धरनात टाकनार हुता न्हवं?"

"चुकलं आमचं. चल. पैला गोळा म्या खानार, गावाम्होरं."

धनाजी आला. शेफालीताईंनी त्याला बर्फ कुठल्या पाण्याचा, हात कुठं धुतोस, यावर वेगळं अर्ध्या तासाचं भाषण दिलं, ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आणि शुक्रवारी चार वाजता रखमाजी वस्ताद आखाड्याच्या कडेला, आयुष्यातला पहिला काला खट्टा हातात धरून उभे होते. पंचाचा मान त्यांनी यंदा स्वतःहून सोडला होता. माईक आकाशकडं होता.

हलगी वाजली. समोर पुन्हा नूतनच. गेल्या वर्षीपेक्षा ती जड झाली होती आणि जिंकल्याचा ताठाही होता. पहिली तीन मिनिटं तिनं रत्नाला रेटलं. दोनदा खाली घेतलं. चौथं मिनिट लागलं तेव्हा मैदानातल्या यच्चयावत माणसांचे डोळे रत्नाच्या पोटावर खिळले. गोळ्याचं जांभळं पाणी मनगटावरून बाहीत शिरत होतं, त्याचा वस्तादांना पत्ता नव्हता. त्यांच्या मनात एकच होतं. एवढं मिनिट जाऊ दे. बाकी हरली तरी चालेल.

मिनिट गेलं. नूतनही बहुतेक त्याच मिनिटाची वाट बघत होती, कारण ते गेल्यावर ती क्षणभर ढिली पडली. रत्नानं ढाक मारली. वस्तादांनीच शिकवलेली, पाऊस-पाण्याच्या दिवसांत तालमीत हजारदा घोटून घेतलेली. नूतनची पाठ मातीला लागली आणि फेटे उडाले. संजय आपल्याच लेकीला खांद्यावर घ्यायला धावला आणि तिचं वजन विसरल्यामुळे तिच्यासकट मातीत बसला.

आकाश माईक घेऊन आखाड्यात पळाला. "रत्नाताई, गावाला सांगा! एवढी ताकद आली कुठनं? कुनाच्या घरचं दूध प्यालात?"

रत्नाला धाप लागली होती. कपाळावरची माती घामानं डोळ्यांत उतरत होती. तिनं ती पुसली, माईक हातात घेतला आणि गर्दीत शोधलं. बाही जांभळी झालेला, हातात नुसती काडी धरून उभा असलेला म्हातारा तिला सापडला.

"वस्तादांच्या पवळीचं," ती म्हणाली. "उकळून."

मैदान हसलं, साळूबाईनं काठी वर केली, हलगीवाल्यानं पुन्हा हात सुरू केला. वस्तादांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. कर्ण्यावरून चारी दिशांना गेलेल्या त्या दोन वाक्यांतला पहिला शब्द तेवढा त्यांच्या कानात राहिला होता. अंबूबाई शेजारी येऊन उभी राहिली, त्यांच्या बाहीकडं बघितलं, चेहऱ्याकडं बघितलं, आणि आपल्या पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले.